रिकामी वाटी कशी द्यायची

मितूची सकाळ वाटीने व्हायची. पेपरवाला खाली गेटपाशी सायकल टेकवत असायचा, उजाडायला थोडा अवकाश असायचा, आणि स्वयंपाकघरात खालच्या मांडणीचा आवाज यायचा. मितू वाटी घेऊन हॉलमध्ये यायची, उघड्या फरशीवर फतकल मारायची आणि दोन्ही हातांनी वाटीला गिरकी द्यायची.

वाटी आधी ऐटीत फिरायची. मग कलायची, लडबडायची, या काठावरून त्या काठावर झुकायची, आणि खाली बसता बसता तिचा वेग उलट वाढत जायचा. शेवटी नुसती थरथर उरायची. र्र्र्र. आणि मग काहीच नाही. त्या शेवटच्या थरथरीला मितू हसायची. पोटातून, खळखळून. हसून झालं की मान वर करून समोर आडव्या झालेल्या आईकडे एकदा बघायची.

म्हणून चैताली रोज उठून तिच्यासमोर फरशीवर आडवी व्हायची, गाल टेकून. मूल स्वमग्न आहे, हे मितू तीन वर्षांची असताना कळलं होतं. तेव्हापासून प्रत्येक तज्ज्ञाने एक गोष्ट न चुकता सांगितली होती, की ही नजर देत नाही. आता मितू सहा वर्षांची होती आणि चैताली त्यांच्याशी वाद घालायची थांबली होती. मितू नजर देत होती. दिवसातून थोडीशी, वाटी थांबली की. बाकी दिवस कसाही जावो, थेरपीत ती टेबलाखाली जाऊन बसो, रिक्षात किंचाळो, तेवढ्या ऐवजावर चैतालीचा दिवस निघायचा.

वाटी चैतालीच्या सासूबाईंची, सुंदराबाईंची. येरवड्याच्या घरातली. लग्नात भावाने दिलेली, आणि भावाला हौस फार, म्हणून वाटीच्या काठाभोवती पूर्ण फेरा मारून नाव घातलेलं: 'सौ. सुंदराबाई हीस बंधू उत्तरेश्वर याजकडून सप्रेम भेट'. तेव्हा भांड्यावर नाव घालणारा हातोडी आणि छिन्नी घेऊन दारावर बसायचा. त्याची अक्षरं म्हणजे ठोकून काढलेली टिंबं. बोट फिरवलं की तांदळाच्या कण्यांसारखी लागायची. बुडाला एक पोचा होता, त्यामुळे वाटी इतर वाट्यांपेक्षा जास्त वेळ फिरायची.

सुंदराबाईंनी मितूला याच वाटीतून भरवलं. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. घरात माणसं जमली, रडली, वंदना झाली. मितू सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत मांडणीकडे गेली आणि वाटी घेऊन बसली. "पोरीला काही कळत नाही, तेच बरं," असं कुणीतरी म्हणालं. पण तेव्हापासून मितूच्या जेवणाचा एक क्रम ठरून गेला. आधी वाटी फिरणार. मग मितू काठावरच्या टिंबांवरून बोट नेणार, 'सौ.'पासून सुरुवात करून पुन्हा 'सौ.'पर्यंत. मग त्यात मऊ भात, वरून तूप. तिसरा पदार्थ चालायचा नाही, दुसरं भांडंही नाही.

हे सगळं त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ठीक होतं. खाली, दुसऱ्या मजल्यावर, ते छतातून ऐकू जायचं.

खाली दुर्गाकाकू राहायच्या. जन्म सदाशिव पेठेतला, कर्वेनगरात आल्या त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली असतील, पण बोलणं पेठेतच राहिलेलं. त्यांचे यजमान, श्यामसुंदरराव, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. त्यांना रात्रभर झोप नसायची. डोळा लागलाच तर पहाटे. आणि पहाटे वर वाटी. काकूंनी आधी एकदा वर येऊन सांगितलं, मग जिन्यात सांगितलं, मग सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'तिसऱ्या मजल्यावर पहाटे भांडी वाजतात. भांडी आमच्याकडेही आहेत, पण ती ओट्यावर असतात.' त्याखाली लोकांनी अंगठे टाकले होते. ते कुणाचे हे चैतालीने पाहिलं होतं, आणि पाहायला नको होतं असं तिला नंतर वाटलं.

त्यानंतर वैशाख पौर्णिमा आली, बुद्धजयंती.

त्या दिवशी घरात खीर होते आणि बिल्डिंगमध्ये सगळीकडे जाते. ही पद्धत सुंदराबाईंनी येरवड्याहून आणलेली, आणि सासरे भीमराव ती मोडू देत नसत. खडकीच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. वेळेला आणि रीतीला पक्का. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्याला काळा चष्मा, तरी सकाळपासून ओट्याशी उभे.

"खाली द्यायची का, बाबा?" संध्याकाळी वाटायला घेताना चैतालीने विचारलं.

"तक्रार त्यांनी केलीय, आपण नाही. आपली खीर जाईल."

नेमकं तेव्हाच मितूने बाथरूममध्ये नळ सोडला आणि अंगावरच्या कपड्यांसकट बादलीत बसली. चैताली तिला काढायला धावली. बाहेरून भीमरावांनी विचारलं, "वाट्या कमी पडतायत गं, कुठल्या घेऊ?"

"घ्या हो बाबा, हाताला येईल ती," चैताली आतून ओरडली.

हाताला आली ती घेतली त्यांनी. काळ्या चष्म्यातून सगळ्या वाट्या सारख्याच. पाण्यात खेळून दमलेली मितू त्या रात्री न जेवताच झोपली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मांडणीचा आवाज आला आणि त्यापुढे काही आलं नाही. चैताली उठून गेली तर मितू मांडणीसमोर उभी. तिने एकेक वाटी काढली, काठावर बोट लावलं, परत ठेवली. पुन्हा पहिल्यापासून काढली. रडली असती तर बरं झालं असतं. ती शेवटी मांडणीला पाठ लावून बसली आणि तिथेच बसून राहिली.

भीमरावांना समजलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "मीच नेऊन दिली खाली," ते म्हणाले. "माझ्या हाताने."

"मीच सांगितलं होतं तुम्हाला," चैताली म्हणाली.

आता एवढंच करायचं होतं, खाली जाऊन वाटी मागायची. पण दिलेलं भांडं मागायला जात नाहीत. ते आपणहून येतं, आणि भरून येतं. बाकीच्या घरांतून आलीही होती भांडी, कुणाकडून चिवडा, कुणाकडून दोन हापूस, कुणी नुसती साखर घालून. दुसऱ्या मजल्यावरून काही आलं नव्हतं.

"येईल," भीमराव म्हणाले. "वाट बघू एक दिवस."

तो दिवस गेला, त्यामागून आणखी गेले. मितू पाणी प्यायची. बिस्किट पुढे केलं तर कोपरा कुरतडायची आणि तोंडातून काढून चैतालीच्या तळहातावर ठेवायची. भाताला तोंड उघडेना. चैतालीने ताटात दिला, डब्यात दिला, स्वतःच्या मुठीतून दिला.

मितूच्या वडिलांनी, अभयने, संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या बूटही न काढता विचारलं, "आली का?"

"नाही."

"मग मी जातो आणि आणतो."

"थांब ना. काय म्हणशील?"

"म्हणेन, वाटी द्या."

"आणि त्या म्हणाल्या, कुठली वाटी?" भीमराव खुर्चीतून बोलले. "म्हणाल्या, टाकून दिली?"

अभय बूट काढता काढता थांबला. "बाबा, आजकाल कोण पाळतं हो तसलं."

"पाळत नाहीत. विसरतही नाहीत."

चैताली आत गेली. तिला जे इतके दिवस बोलायचं नव्हतं ते सासऱ्यांनी बोलून टाकलं होतं. खीर मोलकरणीला दिली असेल, किंवा मोरीत ओतली असेल. वाटी बाहेर झाडाच्या कुंडीखाली लावली असेल. असं काही नसेलही. पण दार उघडून तेच दिसलं तर ते घेऊन तीन खोल्यांच्या घरात परत यायचं, आणि मग रोज त्या दारावरून जिना चढायचा. आई होऊन तिने बऱ्याच गोष्टींची लाज सोडली होती. ही एक कुठे ठेवावी तिला कळत नव्हतं.

भीमराव रविवार पेठेत गेले आणि तशीच वाटी घेऊन आले. दुकानदाराकडून नाव घालून आणलं होतं, शब्द न् शब्द तेच, बंधू उत्तरेश्वरासकट. बंधू उत्तरेश्वर जाऊन आता बारा वर्षं झाली होती. पण आताचं नाव मशीनने घालतात, सरळ रेघेने. मितूने बोट लावलं. ते गुळगुळीत काठावरून घसरलं. तिने गिरकी दिली, वाटी दोन वेढे घेऊन ठण् करून बसली. मितूने ती उचलली आणि नीट नेऊन आजोबांच्या मांडीवर ठेवली, आपली नव्हे म्हणून.

शनिवारी डॉक्टरांनी मितूची कातडी चिमटीत धरून पाहिली. म्हणाले, सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर दाखल करू, नाकातून नळी घालावी लागेल. नळी तिच्या नाकात राहणार कशी, हे कुणी विचारलं नाही. मागच्या खेपेला नुसत्या सलाइनसाठी हात बांधावे लागले होते. त्यानंतर कित्येक दिवस मितूने कुणाला हाताला हात लावू दिला नव्हता, चैतालीलासुद्धा.

रविवारी दुपारी चैतालीने कुणाला न सांगता चपला घातल्या आणि खाली गेली.

काकूंनी दार उघडलं. पदर खोचलेला, हात ओले, डोळ्यांखाली काळं. आतल्या खोलीत पलंगाची कड दिसत होती आणि पांघरुणाखालचे दोन पाय.

"काय आता?" काकू म्हणाल्या. "आवाज तर नाहीये तुमचा बरेच दिवस."

"नाहीच आहे, काकू." चैतालीने घरून घोकलेलं वाक्य गेलं कुठच्या कुठे. "ते, पौर्णिमेला वाटी आली होती ना आमच्याकडून. जुनी, नाव घातलेली."

"आहे की. राहूनच गेली. म्हटलं रिकामी कशी द्यायची. आंब्याची डाळ करणार होते, तर कैरीच आणणं होईना. ह्यांना टाकून खाली उतरायचं म्हणजे कुणीतरी घरात हवं."

"रिकामीच द्या."

काकूंनी तिच्याकडे ती चपला घालून देवघरात शिरल्यासारखं पाहिलं. "रिकामं भांडं देतात होय कुणी? बरं, नुसती साखर घालून दिली असती तर तुम्हीच म्हणाला असतात, पेठ सोडली पण पेठेने बाईला सोडलं नाही."

चैतालीला अर्धंच हसू आलं. ती चौकटीला धरून उभी राहिली.

"ती जेवत नाहीये, काकू."

"कोण?"

"मितू. त्या वाटीशिवाय जेवत नाही. उद्या दाखल करायचं म्हणतायत, नळी घालायची म्हणतायत."

आत पंखा कुरकुरत होता. काकूंनी ओले हात पदराला पुसले, पुसून झाले तरी पुसत राहिल्या.

"ये आत," त्या म्हणाल्या. आतापर्यंतचं 'तुम्ही' त्यांनी सोडलं होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नसावं.

चैताली आत आली. बसली नाही.

"ती फिरवते ती हीच वाटी," काकू म्हणाल्या.

"हो. तुम्हाला कसं..."

"मला माहीत आहे. घासून ठेवताना हातातून निसटली, ओट्यावर पडली आणि गिरकी घेतली तिने. दोन वर्षं छतातून ऐकतेय मी तो आवाज. अंधारात ओळखेन." त्या आतल्या खोलीकडे बघत बोलत होत्या. "मग म्हटलं, आहे आपल्याकडे तर राहू दे. डाळ झाली की देऊ. डाळ काय, मनात असतं तर कधीच झाली असती. वॉचमनने आणून दिल्या असत्या कैऱ्या."

चैतालीने पांघरुणाखालच्या त्या दोन पायांकडे पाहिलं.

"हे झोपले गं या दिवसांत. चांगले ऊन येईपर्यंत झोपले. मीही झोपले." मग त्या म्हणाल्या, "मला वाटलं, खेळणं आहे. खेळणं काय, दुसरं देतात आणून. जेवणाचं नव्हतं माहीत."

चैतालीला राग यायला हवा होता. ती तो शोधत होती. वर मांडणीला पाठ लावून बसलेली पोर डोळ्यांसमोर आणून शोधत होती. पण समोर ही बाई उभी, आणि तिचे ते डोळे. सलग झोप न मिळालेलं माणूस कसं दिसतं ते चैताली रोज आरशात बघत होती.

आणि मग जे विचारायचं नाही असं ठरवून आली होती तेच तोंडातून गेलं. "खीर बरी झाली होती?"

"ह्यांनीच संपवली सगळी. मला बोटभर ठेवली. वेलदोडा जरा सैल हाताने पडलाय तुमच्याकडे."

चैतालीने मान हलवली. छातीवरचा एक दगड उतरला. तो आपणच इतके दिवस उचलून हिंडत होतो याची शरम तिथे येऊन बसली. आणि तरीही तिला वाटलं, दगड उगाच नव्हता आला. तो कुठून येतो हे काकूंना कधी कळणार नाही.

काकूंनी कपाटाचं खालचं दार उघडलं. घडी घातलेल्या पंच्यावर वाटी पालथी ठेवली होती, वाजू नये म्हणून. त्यांनी ती सुलटी केली, डब्यातून साखर घेऊन काठोकाठ भरली, वरून हात फिरवून सारखी केली.

"रिकामी नेऊ नकोस," त्या म्हणाल्या. दारापर्यंत आल्या. "पहाटे जरा..." असं म्हणाल्या आणि थांबल्या. आतून श्यामसुंदररावांचा घसा साफ केल्यासारखा आवाज आला.

"असू दे," काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

वर चैतालीने साखर डब्यात ओतली, वाटी विसळली. हातात दिली नाही; मांडणीपासून थोड्या अंतरावर फरशीवर ठेवली आणि बाजूला झाली. मितूने झडप घातली नाही. नुसती बघत राहिली. मग पुढे सरकली, वाटी उचलून वास घेतला, काठावर बोट ठेवलं आणि 'सौ.'पासून निघाली. तिचं बोट पातळ झालं होतं. फेरा पूर्ण झाल्यावर तिने वाटीला गिरकी दिली. हसली नाही. पुन्हा दिली, पुन्हा नाही.

चैतालीने भात कालवला. मितूने तोंड उघडलं. तिने इतक्या घाईने खाल्लं की सगळं उलटून पडलं, चैतालीच्या मांडीवर. अभय फडकं आणायला धावला. मितूने तोंड पुसू दिलं आणि परत उघडलं. या खेपेला चैतालीने दाण्या-दाण्याने भरवलं. भीमराव गॅलरीत जाऊन उभे राहिले होते, रस्त्याकडे तोंड करून, काळा चष्मा लावून.

झोपायच्या आधी चैतालीने हॉलच्या फरशीवर सुंदराबाईंची गोधडी अंथरली, चौपदरी करून.

"त्यावर फिरणार नाही ती," अभय म्हणाला.

"माहीत आहे मला."

पहाटे मांडणीचा आवाज आला. चैताली उठून हॉलमध्ये आली तोवर मितूने गोधडीचं टोक धरून ती ओढत भिंतीपर्यंत नेली होती आणि उघड्या फरशीवर फतकल मारली होती. चैताली तिच्यासमोर आडवी झाली. मितूने वाटी दोन्ही हातांत घेतली.

चैतालीने हात पुढे केला. वाटी धरायची, हळूच, एवढंच. दिवसा वाजव, बाळा, आता नको. हे मितूला कसं सांगायचं ते तिला येत नव्हतं, कुणालाच येत नव्हतं. हात तसाच हवेत राहिला आणि वाटी सुटली.

ऐटीत फिरली. कलली. लडबडली. खाली बसता बसता वेगात आली, फरशीतून तिची थरथर चैतालीच्या गालाला लागली. र्र्र्र.

मितू हसली. बारीक झालेल्या चेहऱ्यावर हसू मोठं दिसत होतं. तिने मान वर केली आणि आईकडे बघितलं.

चैतालीने ती नजर घेतली, सगळीच्या सगळी. तिचा कान मात्र फरशीला लागलेला होता. खाली खोकला झाला. पलंग करकरला. सपाता घसटत गेल्या, नळ सुटला, आणि खिडकीबाहेर डक्टच्या समोरच्या भिंतीवर खालच्या स्वयंपाकघरातल्या दिव्याचा पिवळा चौकोन पडला. काकू कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होत्या. शब्द कळत नव्हते. खालून छतावर काठी आपटेल म्हणून ती वाट बघत राहिली. काठी आपटली नाही.

मितूने वाटी पुन्हा उचलली.